शेवटचा हात कोणाचा? १९७१ मधले पाच अल्बम

एखाद्या वर्षातले आवडते अल्बम निवडायला बसलं, की पहिली शंका कॅलेंडरवरच घेतली जाते. संगीत काही १ जानेवारीला जन्मत नाही आणि ३१ डिसेंबरला संपत नाही. ॲलिस कोल्ट्रेनचा 'जर्नी इन सच्चिदानंद' बाजारात आला १९७१ मध्ये, पण त्याचं बहुतेक ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९७० मध्ये झालेलं होतं. मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'चं शीर्षकगीतही आदल्या वर्षीच्या जूनमधलं. मग वर्षाची चौकट घ्यायचीच कशाला? याचं उत्तर मला लॉस एंजेलिसमधल्या ए अँड एम स्टुडिओत सापडतं. १९७१ च्या सुरुवातीला कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' आणि जोनी मिचेलचा 'ब्लू' हे दोन अल्बम याच एका वास्तूत आकार घेत होते. जेम्स टेलरची गिटार दोन्हींवर आहे. 'टॅपेस्ट्री'तल्या एका गाण्यात मागे मिचेलचा आवाजही आहे. वास्तू तीच, शहर तेच, वादकांचं वर्तुळही बरंचसं तेच, आणि तरी हाती आलेल्या दोन तबकड्या एकमेकींपासून पार वेगळ्या. दहा वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन अल्बमांची तुलना करताना फरकाचं श्रेय तंत्राला, बाजाराला, बदललेल्या अभिरुचीला देऊन मोकळं होता येतं. एकाच वर्षातल्या अल्बमांबाबत ती पळवाट राहत नाही. उरतात ते कलावंतांनी घेतलेले निर्णय, आणि आवडनिवड खरी पारखली जाते ती तिथेच.

त्या निर्णयांकडे पाहत गेल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९७१ मधले जे अल्बम आजही अखंड ऐकावेसे वाटतात, त्यांच्या टेपवर शेवटचा हात गाणाऱ्याचा किंवा वाजवणाऱ्याचा फिरलेला आहे, कंपनीचा नाही. गाण्यांचा क्रम, दोन गाण्यांमधला सांधा, आवाजांचे थर, काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे सगळं पूर्वी कंपनीचे लोक ठरवत. साठीच्या दशकातही अपवाद होते, बीटल्सचा तर सर्वांना ठाऊक आहे. पण १९७१ मध्ये हा हक्क निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या परंपरांतल्या कलावंतांच्या हाती एकदमच आलेला दिसतो. माझी निवड या कसोटीवर केलेली आहे: गाण्यांचा क्रम मोडला, एखादं गाणं बाहेर काढलं, तर अल्बमचं काही बिघडतं का?

'व्हॉट्स गोइंग ऑन' या कसोटीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळायला हवं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत गाणं बाहेर पडण्याआधी गुणवत्ता तपासणाऱ्या बैठकीतून जात असे, आणि शेवटचा शब्द मालक बेरी गॉर्डी यांचा. मार्विन गे हा त्या कंपनीचा देखणा, प्रेमगीतं गाणारा तारा होता. त्याची द्वंद्वगीतांतली जोडीदार टॅमी टेरेल मार्च १९७० मध्ये वारली. भाऊ व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेला. 'फोर टॉप्स'मधल्या रेनाल्डो बेन्सनने बर्कलीत निदर्शकांवर पोलीस तुटून पडलेले पाहिले होते. त्यातून सुचलेलं गाणं त्याने गेकडे आणलं. गॉर्डींना ते पसंत पडलं नाही. गेने ठाम पवित्रा घेतला, की हे निघाल्याखेरीज मी दुसरं काही गाणार नाही. जानेवारी १९७१ मध्ये गाणं निघालं, सोल संगीताच्या यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत दुसरं आलं, तेव्हा कंपनीला घाईने पूर्ण अल्बम हवा झाला. उरलेली गाणी मार्चमध्ये मुद्रित झाली, २१ मे रोजी अल्बम बाजारात आला.

इथवरची कथा बंडखोरीची आहे आणि ती पुष्कळदा सांगितली जाते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिच्यानंतरचं. एप्रिलमध्ये डेट्रॉइटला संपूर्ण अल्बमचं मिश्रण तयार झालेलं होतं. गेने ते बाजूला ठेवलं आणि लॉस एंजेलिसला जाऊन सगळं नव्याने मिसळलं. ते पहिलं मिश्रण २००१ च्या विशेष आवृत्तीत प्रसिद्ध झालं आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. गाणी तीच, वादक तेच, गळा तोच. बदलली आहे ती थरांची मांडणी, आणि तेवढ्याने अल्बमचा श्वास बदलतो. गेच्या मुख्य आवाजाची दोन मुद्रणं झाली होती. त्यांतलं एक निवडायचं होतं, पण ध्वनिमुद्रकाने दोन्ही एकाच वेळी वाजवून दाखवली आणि गेने दोन्ही ठेवली. एकच माणूस स्वतःशीच बोलतो आहे, स्वतःलाच उत्तर देतो आहे, हा परिणाम तिथून आला. पहिल्या बाजूची सहा गाणी न थांबता एकमेकांत मिसळतात आणि दुसऱ्या बाजूच्या अखेरीस शीर्षकगीताची धून परत येते. क्रम बदलून पाहा, अल्बम कोसळतो. आणखी एक: मोटाउनच्या वादकांची नावं तोवर वेष्टनावर छापली जात नसत. इथे ती छापली गेली, जेम्स जेमरसनच्या बासचा गौरवही झाला. म्हणजे शेवटचा हात गायकाचा होता, याचा अर्थ बाकीचे हात पुसले गेले असा होत नाही. उलट ते पहिल्यांदाच दिसले.

'ब्लू'मध्ये गाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दहा स्वतंत्र गाणी, बरीचशी एका आवाजावर आणि एकदोन वाद्यांवर उभी. मग क्रमाची कसोटी इथे कशी लावायची? त्याचा पुरावा अल्बमच्या घडणीतच आहे. अल्बम जवळपास तयार झाल्यावर मिचेलने तो परत घेतला, दोन जुनी गाणी काढली आणि दोन नवी घातली. त्यांतलं एक आज अल्बमची सुरुवात करतं आणि दुसरं शेवट. प्रवासाची ओढ आणि प्रेमाची तहान यांतून अल्बम सुरू होतो आणि स्वप्नं विझलेल्या माणसांच्या आठवणीत संपतो. ही सगळी कमान त्या अखेरच्या बदलातून आली. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मिचेलचा डावा हात दुबळा राहिला होता, म्हणून ती गिटारच्या तारा स्वतःच्या सोयीने वेगळ्या लावत असे. त्यातून निघणारे स्वरसमूह रूढ पठडीत बसत नाहीत. डल्सिमर हे मांडीवर ठेवून वाजवायचं लोकवाद्य तिने याच अल्बममध्ये इतकं पुढे आणलं. अशा वादनावर एखाद्या निर्मात्याने तंतुवाद्यांचा ताफा चढवला असता तर काय उरलं असतं, याची कल्पना करवत नाही. निर्माती तीच होती, म्हणून ते टळलं.

यावर एक सरळ आक्षेप येतो, की कलावंताला मोकळीक मिळाली म्हणजे अल्बम चांगला होतो हे कशावरून? होत नाही, आणि याच वर्षात त्याचा दाखला आहे. 'द हू'च्या पीट टाउनशेंडला 'लाइफहाउस' नावाचं प्रचंड काम करायचं होतं: चित्रपट, रंगमंच आणि प्रेक्षकांचा सहभाग एकत्र गुंफलेलं. मोकळीक भरपूर होती, पण सोबत्यांनाही ते नीट उमगेना आणि योजना ढासळली. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या सल्ल्याने मुख्यतः उरलेल्या गाण्यांतून निवड करून 'हूज नेक्स्ट' काढला गेला. त्यातली गाणी जबरदस्त आहेत, सिंथेसायझर तर त्या काळच्या रॉकमध्ये इतका बुद्धीने क्वचितच वापरला गेला असेल. पण तो मोडलेल्या इमल्याच्या उत्तम चिऱ्यांचा संग्रह आहे आणि तसाच ऐकू येतो. मोकळीक ही अट आहे, हमी नव्हे. 'टॅपेस्ट्री'ला बाहेर ठेवताना मात्र मन कचरतं. अमेरिकेच्या यादीत १५ आठवडे पहिला राहिलेला, ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्कृष्ट ठरलेला हा अल्बम. दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत आलेल्या कॅरोल किंगने शिरेल्स आणि अरेथा फ्रँकलिन यांनी गाजवलेली आपली गाणी इथे स्वतःच्या साध्या, किंचित खरखरीत गळ्याने परत घेतली, आणि ती कृती मोठी आहे. तरी त्यातली गाणी कुठल्याही क्रमाने ऐकली तरी तितकीच सुंदर वाटतात. ही स्तुतीच आहे. फक्त माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. 'लेड झेपेलिन'चा चौथा अल्बम आणि रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स' यांच्या बाबतीत मला एवढीही चुटपूट लागत नाही.

स्लाय स्टोनचा 'देअर्स अ रायट गोइन ऑन' नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा त्याचं नाव गेच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणून वाचलं गेलं. काळे-गोरे, स्त्री-पुरुष एकत्र वाजवणारा, उत्साहाने उसळणारा स्लायचा वाद्यवृंद दोन वर्षांपूर्वी वुडस्टॉकमध्ये सगळ्यांना नाचवून गेला होता. आता तोच माणूस घरच्या स्टुडिओत, अमली पदार्थांच्या विळख्यात, बरंचसं एकट्याने वाजवत होता, आणि ढोलकियाच्या जागी ताल देणारं यंत्र होतं. एकाच टेपवर पुन्हा पुन्हा मुद्रण केल्याने आवाज मळकट, झिजलेला झाला. कुठल्याही कंपनीच्या तंत्रज्ञाने तो दोष म्हणून दुरुस्त केला असता. इथे तो दोषच अर्थ सांगतो: आशा थकल्यावर माणूस कसा बोलतो, ते. शीर्षकगीताची लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद छापलेली आहे. ते गाणं अस्तित्वातच नाही. इतका काळवंडलेला अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, हे त्या देशाच्या तेव्हाच्या मनःस्थितीबद्दल पुष्कळ सांगून जातं.

सगळी चर्चा अमेरिका-इंग्लंडभोवती फिरते, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. म्हणूनच चौथा अल्बम ब्राझीलचा आहे: शिको बुआर्कीचा 'कॉन्स्ट्रुसाँव'. तिथे १९६४ पासून लष्करी राजवट होती आणि डिसेंबर १९६८ च्या हुकमानंतर सेन्सॉर आणखी कडक झाला. शिको इटलीत राहून १९७० मध्ये परतला होता. प्रेयसीला उद्देशून लिहिल्यासारखं भासणारं त्याचं एक गाणं हुकूमशहाला उद्देशून आहे हे राजवटीला उशिरा कळलं, आणि खूप खपल्यावर त्यावर बंदी आली. म्हणजे इथे शेवटचा हात फिरवायला सेन्सॉर टपलेला. माझ्या मांडणीला हा अल्बम छेद देतो का? मला वाटतं, तो तिला अधिक खोल नेतो. शब्दांवर पहारा असताना शिकोने अर्थ रचनेत लपवला. शीर्षकगीत एका बांधकाम मजुराचं आहे: तो घरातून निघतो, भिंत चढवतो, जेवतो, वरून पडतो आणि रस्त्यात मरून रहदारीला अडथळा होतो. प्रत्येक ओळ पोर्तुगीज छंदाच्या हिशेबाने १२ अक्षरांची, आणि तिचा अखेरचा शब्द असा की आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडावा. पुढच्या फेरीत तीच कथा पुन्हा येते, फक्त ओळींचे शेवटचे शब्द आपापसांत जागा बदलतात. माणूस विटांसारखा उचलून दुसरीकडे ठेवला जातो, कथा तशीच चालू राहते. वृत्तात कान घडलेल्या मराठी वाचकाला ही कारागिरी भाषा न कळताही जाणवेल. गोव्यात पोर्तुगीज जाणणाऱ्यांना तर ती थेट भिडेल. रोजेरिओ दुप्रातच्या वाद्यमेळात पितळी वाद्यं एकेक मजला चढवत जातात. आणि मजूर मेल्यावर गाणं थांबत नाही: अल्बमच्या आरंभीचं, परमेश्वर तुमचं भलं करो असं कडवटपणे म्हणणारं गाणं त्याच्यात परत घुसतं. पहिलं गाणं चौथ्याच्या शेवटी येऊन त्याचा अर्थ पुरा करतं. हे दुसऱ्या कुठल्या क्रमाने घडणार नाही.

'जर्नी इन सच्चिदानंद' या पाचव्या अल्बमबद्दल भारतीय ऐकणाऱ्याच्या मनात अढी असू शकते: तंबोरा लावला, स्वामी सच्चिदानंदांचं नाव दिलं, की झालं का भारतीय संगीत? पण ॲलिस कोल्ट्रेन रागसंगीताचा आव आणतच नाही. पती जॉन कोल्ट्रेन १९६७ मध्ये गेल्यावर लाँग आयलंडवरच्या घरातल्या स्टुडिओत तिने यातलं बहुतेक काम केलं. सेसिल मॅकबीच्या बासची एक फिरत राहणारी आकृती, तिच्यामागे तंबोरा, वर तिच्या हार्पचे तुषार आणि फेरो सँडर्सचा सॅक्सोफोन. हे जॅझच आहे, शोकातून शांतीकडे जाणारं.

राहिला स्मरणरंजनाचा आक्षेप. ब्रिटिश लेखक डेव्हिड हेपवर्थ यांनी २०१६ मध्ये १९७१ हे रॉकचं सर्वांत सर्जनशील वर्ष ठरवणारं पुस्तक लिहिलं, आणि ते स्वतः त्याच वर्षी २१ वर्षांचे झाले होते. ज्या वयात कान घडतात त्या वयातलं संगीत श्रेष्ठ वाटणं स्वाभाविक आहे. पण मग पिढी बदलल्यावर हे अल्बम मागे पडायला हवे होते. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या सर्वकालीन ५०० अल्बमांच्या यादीत २००३ मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा होता आणि 'ब्लू' तिसावा. २०२० मध्ये नव्या मतदारांनिशी यादी नव्याने झाली, तेव्हा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला, 'ब्लू' तिसरा. २००३ चा अव्वल 'सार्जंट पेपर' २४ वर घसरला. मतदानावर सौंदर्याचा निकाल लागत नाही हे मान्य. तरी स्मरणरंजन एवढंच कारण असतं, तर आकडे उलट्या दिशेने गेले असते.

मात्र ही कसोटी सगळीकडे लावू नये. त्याच १९७१ मध्ये राहुलदेव बर्मनचा 'कारवाँ' आणि वसंत देसाईंचा 'गुड्डी' आले. तिथे गाण्याची जागा पटकथा ठरवते आणि तबकडी ही चित्रपटातल्या गाण्यांची एकत्र मोट असते. वाणी जयराम यांचा 'गुड्डी'तला स्वर थोर आहेच, पण त्याचं मोजमाप एकेका गाण्याने व्हावं. १ ऑगस्टच्या न्यूयॉर्कमधल्या बांगलादेश मैफलीचा तीन तबकड्यांचा संचही, रविशंकर, अली अकबर खाँ आणि मुंबईकर अल्लारखाँ यांच्यासह, एका घटनेचा दस्तऐवज म्हणून वेगळ्या रांगेत बसतो.

पाचांत क्रम लावायचाच झाला तर 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला, त्याच्या अगदी लगत 'कॉन्स्ट्रुसाँव', मग 'ब्लू', 'रायट' आणि 'जर्नी'. शिकोला मिचेलच्या पुढे ठेवणं अनेकांना रुचणार नाही. त्यांनी 'कॉन्स्ट्रुसाँव'ची पहिली चार गाणी मध्ये न थांबता, छापलेल्या क्रमाने एकदा ऐकावीत आणि मग वाद घालावा.