पाटीवरचे 87 अँपिअर

थ्री फेज जनित्राच्या पाटीवर केव्हीए, व्होल्ट, पॉवर फॅक्टर आणि अँपिअर असे आकडे शेजारीशेजारी कोरलेले असतात. त्यांपैकी केव्हीएचा आकडा खरेदीच्या वेळी सर्वांच्या तोंडी असतो, परंतु जनित्राचे आयुष्य ज्याच्यावर अवलंबून असते तो अँपिअरचा आकडा बहुधा न वाचलेलाच राहतो. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात हा आकडा नीट वाचता येणे व्यवहाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

उदाहरणादाखल 62.5 केव्हीएचे, 415 व्होल्टचे जनित्र घेतले, तर त्याच्या पाटीवर सुमारे 87 अँपिअर लिहिलेले आढळते. हे 87 अँपिअर तीन फेजांत वाटून घ्यायचे, म्हणजे प्रत्येकी 29, असा एक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. लाल, पिवळ्या व निळ्या अशा तिन्ही फेजांच्या तारांतून प्रत्येकी 87 अँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. तिन्ही फेजांचे दाब एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत, ते 120 अंशांच्या अंतराने एकामागून एक येतात. म्हणून फेज आणि न्यूट्रल यांच्यात 240 व्होल्ट असले, तरी दोन फेजांमधील दाब त्याच्या दुप्पट न होता 1.732 पट, म्हणजे 415 व्होल्ट भरतो. 62,500 ला 415 आणि 1.732 यांच्या गुणाकाराने भागले की 87 हाती येतात.

एकाच पाटीवर दोन यंत्रांच्या मर्यादा नोंदलेल्या असतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. डिझेल इंजिन किती ताकद देऊ शकते ते किलोवॉट सांगतात (0.8 पॉवर फॅक्टर धरल्यास 50 किलोवॉट), तर अल्टरनेटरच्या गुंडाळीतील तांबे किती तापू द्यायचे ते अँपिअर सांगतात. यात्रेतील किंवा उत्सवातील दुकानांना अशा जनित्रावरून सिंगल फेज वीज दिली आणि लाल फेजवर 100, पिवळ्यावर 40 व निळ्यावर 25 अँपिअर भार पडला, तर दिव्यांसारख्या भारासाठी एकूण ताकद सुमारे 40 किलोवॉटच होते. इंजिनाचा आवाजही बदलत नाही, काळा धूरही निघत नाही, आणि तरीही लाल फेजच्या गुंडाळीत मर्यादेपेक्षा सुमारे 32 टक्के अधिक उष्णता निर्माण होत असते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय समतोल भारात जवळजवळ रिकामी राहणारी न्यूट्रलची तार अशा वेळी सुमारे 69 अँपिअर वाहून नेते. क्लॅम्प मीटर एकाच तारेला लावून समाधान मानणाऱ्या वायरमनला यातले काहीच कळत नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये समतोलाचा प्रश्न सहसा येत नाही, कारण मागाची मोटार बहुधा थ्री फेजच असते. तिथे खरी अडचण सुरुवातीच्या क्षणाची असते. एक अश्वशक्तीची मोटार चालू स्थितीत जेमतेम पावणेदोन ते दोन अँपिअर घेते, त्यामुळे 40 माग 87 अँपिअरमध्ये सहज बसतात. मात्र सुरू होताना तीच मोटार सुमारे सहापट प्रवाह ओढते आणि सगळे माग एकदम सुरू केले तर मागणी 400 अँपिअरच्या पुढे जाते, दाब कोसळतो आणि मोटारी गुरगुरत जागीच थांबतात. माग टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची रीत या हिशेबातूनच आली आहे.

पाटीवरील आकडा सर्वसाधारणपणे 40 अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटीपासून 1,000 मीटरपर्यंतची उंची गृहीत धरून दिलेला असतो. सोलापूरची उंची याच्या निम्म्याहून कमी असल्याने त्या बाजूने चिंता नाही; उन्हाळ्यात मात्र सावलीतच पारा 42 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या बंदिस्त खोलीत तो आणखी चढतो, म्हणून मे महिन्यात 87 अँपिअर हे पूर्ण 87 धरून चालत नाहीत. गुंडाळीवरील आवरण मर्यादेपेक्षा 10 अंश अधिक तापले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे.

हेच गणित शहराजवळ फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या 660 मेगावॉटच्या दोन संचांनाही लागू पडते. एवढ्या मोठ्या जनित्रांचा दाब 20,000 व्होल्टच्या वर ठेवूनही प्रत्येक फेजमधील प्रवाह 20,000 अँपिअरच्या आसपास जातो. तिथे तांब्याची उष्णता हवेवर सोपवता येत नाही, म्हणून स्टेटरच्या पोकळ वाहकांतून शुद्ध पाणी खेळवण्याची पद्धत अशा जनित्रांत सर्रास वापरली जाते.