शिथिल समता आणि काटेकोर समता

‘पाच’ या शब्दात दोन अक्षरे आहेत. पाच या संख्येत एकही नाही. खूण आणि तिने दर्शविलेली वस्तू यांतील हा भेद भाषाभ्यासकास परिचित आहे. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत त्याच भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास व्यवहारात अनर्थ ओढवतो.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली रचलेल्या या भाषेत समता तपासण्याची दोन चिन्हे आहेत. ‘==’ हे शिथिल चिन्ह होय. संख्येशी अक्षरमाला, म्हणजे जिला स्ट्रिंग म्हणतात ती, ताडून पाहावयाची असल्यास ते अक्षरमालेची आधी संख्या करते व मग तुलना करते. ‘===’ हे काटेकोर चिन्ह १९९९ सालच्या तिसऱ्या प्रमाणित आवृत्तीत आले. प्रकार भिन्न दिसताच ते समता नाकारते.

एका गुणपत्रकावरून हे स्पष्ट होईल. पडद्यावरील चौकटीत भरलेला मजकूर, तो अंक असला तरी, प्रोग्रॅमच्या हाती अक्षरमाला म्हणूनच येतो. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्याची चौकट रिकामी ठेवली, तर तिची शून्याशी शिथिल तुलना खरी ठरते; कारण रिक्त अक्षरमालेचे संख्यारूप शून्य होते. अनुपस्थिती आणि अपयश एकरूप झाली! उलट, लेखनिकाने देवनागरी ‘०’ लिहिले, तर ते शून्याबरोबर ठरत नाही. हे रूपांतर देवनागरी अंक ओळखत नाही. त्यातून ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे मूल्य निघते, आणि ते स्वतःशीही सम नसते.

तेव्हा सर्वत्र ‘===’ लिहिले की काम भागले, असे कोणी म्हणेल. ते अपुरे आहे. काटेकोर तुलनेत रिकामी चौकट शून्य ठरत नाही, हे खरे. परंतु इंग्रजी आकड्यात लिहिलेले शून्यही, अक्षरमाला असल्यामुळे, शून्य ठरत नाही. म्हणून क्रम असा असावा : मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढून प्रथम तो रिक्त आहे काय ते पाहावे, मग देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत, नंतर त्यांची उघडपणे संख्या करावी, आणि अखेरीस काटेकोर तुलना करावी.

शिथिल चिन्ह सर्वस्वी त्याज्य नव्हे. ‘नल’ व ‘अनडिफाइन्ड’ ही दोन्ही अभावदर्शक मूल्ये एकाच तपासणीत ओळखण्यास ते उपयोगी पडते. एरवी मात्र रूपांतराचा निर्णय भाषेवर सोपवू नये. कोरी चौकट आणि शून्य गुण यांतील अंतर विद्यार्थ्यास ठाऊक असते. ते यंत्रास सांगणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम होय.