उलुवातूच्या कठड्यावर

उलुवातूच्या देवळाच्या फाटकाशी कुणाच्या कमरेला सारोंग, कुणाच्या नुसता पट्टा बांधला जातोय. बालीत ड्रायव्हरला ‘ब्ली’ म्हणजे दादा म्हणून हाक मारतात. आमचा ब्ली प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत निरखतोय. गॉगल गाडीत ठेवा. टोपीही. लोंबती कानातली काढा. खायचं काही बरोबर नको, पिशवीच्या तळाशीसुद्धा नको.

आत शिरलं की डाव्या-उजव्या हाताला कठडा, कठड्यापलीकडे सत्तरेक मीटर सरळ तुटलेला कडा आणि खाली फेसाळणारा हिंदी महासागर. कठड्यावर माकडं बसलेली. लांब शेपटीची मकाक; आपल्याकडच्या लालतोंड्यांचीच भावकी. एक मादी पिलाच्या डोक्यातल्या उवा वेचतेय. बाकीची येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतायत. नीट लक्ष दिलं तर कळतं, ती चेहरे बघतच नाहीयेत. हात, खिसे, नाक-कान बघतायत.

समोरून एक परदेशी बाई चष्मा घालून येते. नंबराचा असणार, त्याशिवाय चालणार तरी कशी? मागून एक माकड तिच्या खांद्यावर चढतं आणि चष्मा घेऊन भिंतीवर पोचतं, तेव्हा कुठे ती किंचाळते. तिचा नवरा हात वर करून धावतो. माकड भुवया ताणतं, डोळे रोखून तोंड उघडतं. देवळाचा माणूस नवऱ्याला दंडाला धरून मागे ओढतो आणि फळाचा तुकडा पुढे करतो. माकड बघतं, घेत नाही. दुसरा तुकडा येतो. आता चष्मा खाली पडतो, एक काडी वाकलेली. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्याच माकडांवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. कोणत्या वस्तूसाठी माणूस जास्त मोल देतो, हे मोठ्या माकडांना अनुभवाने कळलेलं असतं. पिलांना अजून कळत नाही. म्हणजे प्रत्येक सौद्यातून त्यांचा धडा पक्का होतो, आणि तो आपणच शिकवतो.

पुढच्या वळणावर मराठी कानावर पडतं. एका काकूंनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढलाय. ‘‘मारुतीरायाचं रूप ते. दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं?’’ त्यांच्या आवाजात खरी माया आहे, म्हणूनच माझ्या पोटात गोळा येतो. एक माकड येतं, मागोमाग आणखी येतात. काकू घाबरून मुठीत पुडा आवळतात. काका तो त्यांच्या हातून हिसकायला जातात, आणि त्याच क्षणी माकडाचे दात त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी लागतात.

रक्त येतं, फार नाही. काका रुमाल दाबून हसायचा प्रयत्न करतात. घोळक्यातून सल्ले येतात. हळद मिळेल का कुठे? ‘‘परवा घरी पोचतोच आहोत, तिकडे दाखवू.’’ काकाही म्हणतात, ‘‘कुत्रं थोडंच चावलंय?’’

ब्ली त्यांचं काही ऐकत नाही, हात धरून नळाकडे नेतो. बालीत रेबीज पहिल्यांदा सापडला तो २००८ साली, याच बुकित द्वीपकल्पावर. तो मुख्यतः कुत्र्यांतून पसरला, हे खरं. पण माकडालाही तो होऊ शकतो, आणि चावलेलं माकड निरोगी आहे की नाही हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम छोटी आहे म्हणून काहीही टळत नाही, हे मला त्या घोळक्याला ओरडून सांगावंसं वाटतंय.

‘‘काका, साबण लावा आणि हात वाहत्या पाण्याखाली धरा. पंधरा मिनिटं.’’

‘‘पंधरा?’’

‘‘पूर्ण पंधरा. मी घड्याळ लावते.’’

पाणी वाहतंय आणि काकू विचारतायत, मी सांगत्येय. लस आजच सुरू करायची. रक्त आलंय, म्हणजे जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागेल. लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात, तोवर तेच आधार असतं. ते सगळीकडे मिळत नाही, म्हणून निघण्याआधी दवाखान्याला फोन करून विचारायचं. प्रवासाआधी रेबीजची लस घेतलेल्यांना ते इंजेक्शन लागत नाही, लसीच्याही मात्रा कमी लागतात. आपल्याकडे व्हिसाची एवढी धावपळ होते. या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं, असं फार थोड्यांना सुचतं.

ब्ली फोन ठेवतो. मोठ्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात दोन्ही आहे.

कड्यावरच्या रंगमंचाकडे लोक निघालेत. थोड्या वेळाने तिथे केचक नृत्य सुरू होईल, ‘चक-चक’चा घोष उठेल, हनुमान लंका पेटवेल. काकूंनी त्यासाठीच हा दिवस राखून ठेवला होता. त्या तिकिटं घोळक्यातल्या एका मुलीच्या हातात देतात आणि काकांची चप्पल सरळ करतात.

‘‘तिथे कागद करून देतील ना गं? पुढची इंजेक्शनं पुण्यात घ्यायची, तर तारखा लागतील.’’

‘‘देतील. लसीचं नावही लिहून घ्या काकू. आणि पुढची तारीख प्रवासात येत असेल, तर ती कुठे घ्यायची ते आत्ताच विचारा.’’

ब्लीने गाडी फाटकाशी आणलीये.