खाल्ले ते अंगी लागले का?

काशीदसारख्या किनाऱ्यावरच्या गावात कोंबड्यांचे खाद्य बरेचसे दारातच मिळते. गिरणीतला कोंडा असतो, कणी असते, सुक्या मासळीची कुटी असते. जेवण झाले की तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्या उरतात. तरीही काही वेळा खुराड्यात हात घातला की अंडे पिचकते. अशा वेळी कोंबडीच्या पोटात काय गेले यापेक्षा त्यातले काय आणि केव्हा अंगी लागले, हे पाहावे लागते.

आधी हिशेब करू. एका अंड्याच्या कवचाचे वजन 5 ते 6 ग्रॅम. ते जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे त्यात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच रक्तात उतरते, म्हणून रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 4 ग्रॅम तरी लागते. मका, कणी, कोंडा यांत ते 0.1 टक्काही नसते. वर्षाला 60-70 अंडी देणारी मोकाट गावठी कोंबडी किडे, गोगलगायी, माती टोचून आपली गरज भागवते. सुधारित जातीची, वर्षाला 300 अंडी देणारी आणि जाळीत बंद असलेली कोंबडी सर्वस्वी आपल्या हाताकडे पाहते.

आता वेळेचे पाहू. अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले 18 ते 20 तास कवचाचे असतात. सकाळी अंडे देणाऱ्या कोंबडीचे कवच मुख्यतः रात्री चढते, तेव्हा ती दांडीवर झोपलेली असते. आतड्यातून कॅल्शियम आले नाही तर ती स्वतःच्या हाडांतला साठा मोडते. म्हणून शिंपल्यांची भरड दुपारनंतर द्यावी. बारीक भुकटी पोटातून लवकर निघून जाते. 2 ते 4 मिलिमीटरचे, मसुराच्या दाण्याएवढे तुकडे मात्र पेटीत (जठरात) अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात.

मोडलेले हाड पुन्हा भरायला फॉस्फरसही लागतो, आणि खरी गोम इथे आहे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, पण त्याचा मोठा भाग ‘फायटेट’ या संयुगात अडकलेला असतो. फायटेटच्या एका कड्याला फॉस्फेटचे सहा गट चिकटलेले असतात. ते कॅल्शियम, जस्त, लोह यांनाही धरून ठेवतात. हे गट कड्यापासून तोडणारे फायटेज हे विकर कोंबडीच्या आतड्यात फारच कमी तयार होते. त्यामुळे अडकलेल्या फॉस्फरसचा बराचसा भाग विष्ठेतून उकिरड्यावर जातो.

हेच विकर बाहेरून देता येते. अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून बनवलेले फायटेज 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये बाजारात आले. तिथे पशुपालनाच्या विष्ठेतला फॉस्फरस पाण्यात उतरणे ही मोठी चिंता होती. आज अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात किलोमागे साधारण 300 ते 600 एकके फायटेज घालतात आणि त्या प्रमाणात महागडे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी करतात. विकराचे काम मुख्यतः पेटीच्या आंबट रसात चालते. तिथे फायटेट विरघळलेले असते आणि फॉस्फेटचे गट एकेक करून तुटतात. पुढे आतड्यात आम्लता उतरली की फायटेट कॅल्शियमला बिलगून साका धरते आणि मग विकर हतबल होते.

म्हणूनच चुनखडीची पिठासारखी पूड दुहेरी नुकसान करते. ती रात्रीपर्यंत टिकत नाही, शिवाय पेटीतले आम्ल शोषून फायटेजचेही काम बिघडवते. भरड तुकड्यांनी दोन्ही गोष्टी साधतात.

कवचाला इतर खनिजेही लागतात. मँगनीज कवचाची वीण घट्ट करते. जस्तावर चालणारे विकर कार्बोनेटचा पुरवठा करते. तांब्यावर कवचाखालचा पापुद्रा अवलंबून असतो. ही मात्रा अत्यल्प असते, त्यामुळे अंदाजाने न देता तयार मिनरल मिक्श्चर पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळावे. ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही.

घरच्या शिंपल्या वापरायच्या तर गोड्या पाण्यात धुऊन मीठ काढा, उन्हात वाळवा, तव्यावर हलक्या भाजून खलबत्त्यात कुटा. भट्टीत जाळून चुना करू नका, तो पोट पोळतो. भरड खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवा. गरज असलेली कोंबडी नेमकी तेवढीच टोचते. दाणा गरम पाण्यात भिजवत असाल तर फायटेज थंड झाल्यावरच घाला, उष्णतेने ते निकामी होते.

एप्रिल-मेमध्ये कवच अचानक पातळ झाले तर लगेच शिंपले वाढवू नका. उकाड्यात धापा टाकणारी कोंबडी कार्बन डायऑक्साइड गमावते आणि कार्बोनेट कमी पडते. तेव्हा आधी सावली, गार पाणी आणि पहाटेचे खाद्य द्या. आठवड्याभरात फरक पडला नाही तर मग भरड, मिश्रण आणि विकर या क्रमाने एकेक तपासा. सगळे एकदम बदलले तर नेमके कशाने जमले, ते कळणार नाही.