शून्याखालचा भाव

20 एप्रिल 2020 रोजी मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात कच्च्या तेलाचा एप्रिलचा वायदा संपायचा होता. टाळेबंदीमुळे व्यवहार संध्याकाळी पाचलाच थांबले. तेव्हा भाव होता बॅरलला साडेनऊशे रुपयांच्या वर. इतकं स्वस्त तेल पुन्हा कुठे मिळणार, अशा हिशेबाने अनेकांनी सौदे उभेच ठेवले.

इकडे मध्यरात्र होईपर्यंत तिकडे न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर येऊन ठेपला. साठवायला टाक्यांत जागा उरली नव्हती, त्यामुळे तेल घेऊन जाणाऱ्यालाच पैसे मोजायची पाळी आली. एमसीएक्सचा एप्रिलचा सौदा न्यूयॉर्कच्या याच मे वायद्याच्या भावावर रोखीत मिटणार होता. हिशेब लागला उणे 2,884 रुपयांनी. एका लॉटमध्ये 100 बॅरल. म्हणजे संध्याकाळच्या भावाने एकच लॉट घेतलेल्या माणसाच्या अंगावर पावणेचार लाखांहून अधिक तोटा आला, आणि तोही बाजार बंद असताना.

शेअरमध्ये असं होत नाही. किंगफिशर एअरलाइन्सचे शेअर घेणाऱ्यांचे पैसे बुडाले, पण कंपनीच्या कर्जाची वसुली करायला त्यांच्या दारी कुणी आलं नाही. शेअर म्हणजे मालकीचा तुकडा. भाव पडला तर तो डीमॅट खात्यात पडून राहू द्या, दहा वर्षं वाट पाहा, लाभांश मिळाला तर घ्या. वायदा म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचं बंधन. त्याला मुदत असते, आणि वाट पाहायची मुभा पैसे भरत राहणाऱ्यालाच.

निफ्टीचा एक वायदा साधारण 15 लाखांच्या घरातला धरू. तो घ्यायला पूर्ण रक्कम लागत नाही; समजा दोन लाखांच्या मार्जिनवर, म्हणजे अनामतीवर, काम भागलं. बाजार तीन टक्के पडला की दोन लाखांचे शेअर घेतलेल्याचे कागदावर सहा हजार कमी होतात. वायदेवाल्याचे 45 हजार जातात, आणि रोजचा हिशेब रोज मिटत असल्याने त्याच दिवशी खात्यातून वळते होतात. मार्जिन अपुरं पडलं आणि भरलं नाही, तर ब्रोकर सौदा कापतो. दुसऱ्या दिवशी बाजार उसळला तरी त्याचा उपयोग शून्य.

उधारीवर मोठा डाव खेळण्याची हौस दलाल स्ट्रीटला जुनीच. पूर्वी तिथे ‘बदला’ चाले: सौदा पुरा न करता व्याज देऊन पुढे ढकलायचा. शेअर दलाल केतन पारेखच्या घोटाळ्यानंतर जुलै 2001 मध्ये तो बंद झाला आणि त्याच नोव्हेंबरात एकेका शेअरचे वायदे आले. निर्देशांकाचे वायदे त्याआधीच, जून 2000 मध्ये सुरू झाले होते. बदला गेला, हौस राहिली.

तरी वायद्याला जुगार म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं. किलोभर सोनं दुकानात असलेला सराफ तेवढ्याच सोन्याचा वायदा विकून ठेवतो. भाव पडला तर मालात गेलेलं बरंचसं वायद्यात परत येतं. गोची होते ती विकायला सोनंच नसलेल्यांची. बाजार नियामक ‘सेबी’ने 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. यात ऑप्शनही धरलेले आहेत, हे खरं. पण म्हणून वायदेवाल्यांनी निर्धास्त व्हावं असं काही नाही.

नव्याने येणाऱ्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. ऑक्टोबर 2019 पासून शेअरचे सगळे वायदे मुदतीअखेर प्रत्यक्ष डिलिव्हरीने मिटतात. सौदा वेळेत मोडला नाही किंवा पुढच्या महिन्यावर नेला नाही, तर मार्जिनवर घेतलेल्या त्या अख्ख्या लॉटची पूर्ण किंमत भरून शेअर घ्यावे लागतात. विकणाऱ्याची अवस्था याहून अवघड: जवळ नसलेले शेअर त्याला आणून द्यायचे असतात.