जीर्ण आंत्ररोग आणि रुग्णाची समजूत

आंत्ररोगासंबंधी रुग्णास काय कळते, हे पाहावयाचे तर प्रथम त्याची भाषा पाहावी. आव, हगवण, संग्रहणी हे शब्द लक्षणांचे वाचक आहेत, कारणांचे नव्हेत. आंत्रक्षय आणि 1932 मध्ये वर्णिलेला क्रोहनचा रोग हे दोन्ही त्यांत सामावतात. लक्षणे इतकी सारखी की तज्ज्ञही चकतात; आणि क्षय असता क्रोहनचा रोग समजून स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो. एकाचा उपचार सामान्यतः 6 महिन्यांचा, दुसऱ्याचा बहुधा आजन्म.

रुग्णास रोगाचे नाव सांगता आले नाही तरी चालेल. ही मुदत मात्र कळली पाहिजे, असे आमचे मत आहे. जव्हार-मोखाड्यात तर विशेषच. नागली-वरईची कापणी आटोपली की वारली, कातकरी आदी समाजांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडी परततात. भाद्रपदात सुरू झालेले औषध फाल्गुनापर्यंत घ्यावयाचे, म्हणजे निम्म्याहून अधिक काळ परगावी. त्यातच काही आठवड्यांत ज्वर उतरतो, भूक लागते, आणि ‘बरे वाटणे’ हेच ‘बरे होणे’ ठरते. शासकीय क्षयोपचार विनामूल्य असून नोंद झालेल्या रुग्णास तो अन्य जिल्ह्यातही चालू ठेवता येतो. हे त्यास पहिल्या गोळीबरोबरच सांगावयास हवे, दिवाळीनंतर नव्हे.