कार्बन की लॅटिट्यूड? सेकंडहँड हलका लॅपटॉप निवडताना

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. लीजवरून परत आलेला हा माल व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतो. नवं घेताना हात आखडता घ्यावा लागेल अशी यंत्रं तिथे परवडणाऱ्या भावात मिळतात. रोज लॅपटॉप पाठीवर घेऊन फिरणारे करसल्लागार, सीए, कंपनी सेक्रेटरी, भाषांतरकार यांच्यासाठी हा बाजार मोलाचा आहे. मात्र एकाच मॉडेलची दोन यंत्रं आतून अगदी वेगळी असू शकतात, म्हणून पारखून घ्यावं लागतं.

हे दोनच का

लेनोव्होचा थिंकपॅड एक्स-वन कार्बन (नववी पिढी) आणि डेलचा लॅटिट्यूड 7420 हे दोन्ही 2021 चे, 14 इंची, इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरचे. दोन्ही विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसतात, आणि हे महत्त्वाचं आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त सांगितला तरी व्यवसायाच्या कामासाठी घेऊ नये.

आय-5 की आय-7, या प्रश्नावर फार वेळ घालवायची गरज नाही. या लॅपटॉपांत दिसणारे आय-5 1145जी7 आणि आय-7 1185जी7 दोन्ही चार कोरचेच आहेत. एक्सेल, ईमेल, व्हिडिओ मीटिंग अशा कामात हा फरक जाणवत नाही. वाचलेले पैसे रॅमकडे वळवावेत.

आधी रॅम, मग मॉडेल

दोन्ही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. नंतर वाढवता येत नाही, कोणत्याही दुकानात, कितीही पैसे मोजले तरी. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडली की एकूण रॅम दिसते, आणि फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हाच: चिप बोर्डावर बसलेल्या आहेत, काढायला पट्टी नाही.

क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल, व्हॉट्सॲप वेब आणि दहा-बारा टॅब, शेजारी एक्सेलची मोठी फाइल आणि वर टीम्सची मीटिंग, एवढ्यात 8 जीबी भरून जाते. 16 जीबीच्या खाली उतरू नये. कार्बन 8 जीबीचा आणि लॅटिट्यूड 16 जीबीचा असेल, तर मी डोळे मिटून लॅटिट्यूड घ्यायला सांगेन. पुढे लिहिलेलं सगळं रॅम सारखी असेल तरच लागू होतं.

एसएसडीची तेवढी चिंता नको. ती दोन्हीत बदलता येते.

पडदा

इथे कार्बन सरळ पुढे आहे. त्याच्या पडद्याचं प्रमाण 16:10, लॅटिट्यूडचं 16:9. आकड्यांत सांगायचं तर नेहमीच्या पॅनेलवर उभ्या दिशेने 1200 पिक्सेल विरुद्ध 1080. स्केलिंग शंभर टक्के ठेवलं तर एक्सेलच्या सहा ओळी जास्त दिसतात. ताळेबंद, करारनामे, पीडीएफ वाचणाऱ्याला दिवसभरात याचा खरा आराम मिळतो. लॅटिट्यूडचे पडदे कमी-अधिक उजेडाचे आले होते. म्हणून दुकानाच्या दाराशी, उजेडात धरून पाहावं. खिडकीजवळ बसून काम करणाऱ्याला मंद पडदा फार त्रास देतो.

पोर्ट

दोन्हीत थंडरबोल्ट 4 ची दोन आणि एचडीएमआयचं एक पोर्ट आहे, म्हणजे प्रोजेक्टरची काळजी मिटली. फरक आहे तो जुन्या, चपट्या यूएसबीचा. कार्बनला असे दोन पोर्ट, लॅटिट्यूडला एक. डिजिटल सिग्नेचरचं टोकन रोज वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल: ऑडिट रिपोर्ट असो, कंपनी कायद्याचा फॉर्म असो की ई-टेंडर, टोकन लावलं की लॅटिट्यूडवर पेन ड्राइव्हला जागा उरत नाही. हब घेऊन भागतं, पण तो नेमका घरी राहतो. लॅटिट्यूडला मायक्रोएसडीची खाच आहे, कार्बनला नाही.

बॅटरी

कार्बनची बॅटरी एकाच मापाची, 57 वॅट-अवर. लॅटिट्यूडच्या मात्र दोन येतात: 42 आणि 63. नाव तेच, किंमत तीच, पण एकाची टाकी दुसऱ्याच्या दीडपट. बाहेरून काही कळत नाही.

म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडून चालवावी. तयार झालेल्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला मूळ क्षमतेचा, दुसरा आजचा. कार्बनमध्ये पहिला 57,000 मिलीवॅट-अवरच्या आसपास असतो. दुसरा 40,000 असेल तर सत्तर टक्के बॅटरी उरली आहे. त्याखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करावा. ‘बॅकअप चांगला आहे’ हे तोंडी आश्वासन पुरेसं नाही. रिपोर्ट दोन मिनिटांत निघतो, आणि प्रामाणिक दुकानदार तो काढू देतो.

वजन आणि कीबोर्ड

कार्बन 1.13 किलोपासून, कार्बन फायबरचा लॅटिट्यूड 1.22 किलोपासून. ॲल्युमिनियमचा लॅटिट्यूड आणखी जड. थिंकपॅडच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन असते, त्यामुळे सुरुवातीला कॉपी-पेस्ट करताना बोट चुकतं. बायोसमध्ये या दोन कळांची अदलाबदल करता येते. मधला लाल ट्रॅकपॉइंट ज्यांच्या हाताला बसतो ते दुसरं यंत्र घेत नाहीत. ज्यांना नको, त्यांना टचपॅड आहेच.

माझं मत

16 जीबीचे दोन्ही समोर असतील तर मी कार्बन निवडेन, उंच पडदा आणि दोन यूएसबी यांसाठी. दिवसभर प्लगपासून लांब राहणाऱ्याने मात्र 63 ची, चांगल्या अवस्थेतली बॅटरी असलेला लॅटिट्यूड शोधावा.

दुकानातून निघण्याआधी

सुरू करताना थिंकपॅडवर एफ-1, डेलवर एफ-2 दाबून बायोस उघडावा. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो ठाऊक नसेल तर यंत्र परत करावं. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला की लेनोव्होच्या लेखी मदरबोर्ड बदलणं हाच उपाय.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. जुन्या कंपनीने आपल्या विंडोज ऑटोपायलट यादीतून यंत्र काढलेलं नसतं. इंटरनेट न जोडता विंडोज टाकलं असेल तर सगळं सुरळीत दिसतं. पुढे कधी नेट जोडून रीसेट केलं की त्या कंपनीचं नाव आणि ऑफिसच्या ईमेलची मागणी समोर येते, आणि आपण बाहेर. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून दुकानातच रीसेट करून घ्यावं. अर्धा-पाऊण तास जातो, पण तो द्यावाच.

तेवढ्या वेळात खालचा सिरियल नंबर, डेल असेल तर सात अक्षरी सर्व्हिस टॅग, कंपनीच्या सपोर्टच्या साइटवर टाकून वॉरंटी आणि मूळ कॉन्फिगरेशन पाहून घ्यावं. तोच नंबर बिलावर लिहून घ्यावा, आणि बदलून देण्याची मुदत किती दिवस तेही त्याच बिलावर.